इन सिटू, म्हणजे जागेवर

आईच्या डिस्चार्ज कार्डावर शेवटून तिसरी ओळ होती : ‘केमोपोर्ट इन सिटू.’

ही ओळ आमच्या घरात दोन वर्षं राहिली. फाईल मुंबईहून आली, कपाटात गेली, दर तपासणीला बाहेर निघाली, जळगावातल्या तीन-चार डॉक्टरांच्या टेबलांवर उघडली गेली आणि परत कपाटात आली. ‘इन सिटू’ हे लॅटिन शब्द आहेत. अर्थ साधा आहे : जागेवर. पोर्ट जागेवर आहे. पण ते अजून जागेवर का आहे, किती दिवस राहणार आहे, कोण काढणार आहे, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं. आणि हे शब्द आम्हाला कोणी मराठीत सांगितलेही नव्हते.

ज्यांच्या घरात कोणी केमो घेतलीय त्यांना पोर्ट काय ते माहीत असतं. बाकीच्यांसाठी सांगते. केमोची औषधं हाताच्या बारीक शिरांना सोसत नाहीत. शिरा काळ्या पडतात, दोरीसारख्या कडक होतात, चौथ्या-पाचव्या वेळी सुई लावायला जागाच सापडत नाही. म्हणून गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, नाण्याएवढी एक डबी बसवतात. तिला वरून रबरासारखा मऊ पडदा असतो आणि खालून एक मऊ नळी निघते. ही नळी मोठ्या शिरेत शिरते आणि थेट हृदयाच्या तोंडाशी जाऊन थांबते. सुई कातडीतून त्या पडद्यात टोचायची, औषध मोठ्या रक्तप्रवाहात जातं, हाताच्या शिरा वाचतात. आईची केमो या डबीमुळे पार पडली. त्या डबीबद्दल माझ्या मनात आजही राग नाही.

केमो २०२२मध्ये संपली. पोर्ट लगेच काढत नाहीत, कारण आजार उलटला तर पुन्हा लागेल. इथपर्यंत ठीक. पण न वापरलेली नळी रक्तात पडून राहिली तर आत गुठळी धरते, म्हणून ठरावीक आठवड्यांनी ती औषधी पाण्याने धुवावी लागते. त्याला फ्लश म्हणतात. पिंप्राळ्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर एका छोट्या दवाखान्यात एक सिस्टर होत्या, त्यांना पोर्टची वेगळी सुई लावता यायची. आम्ही त्यांच्याकडे जायचो.

२०२४च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात सिस्टरनी सुई लावली, थोडं पाणी सोडलं आणि आई कळवळली. हाडाखाली आग झाली, कातडी टम्म फुगली. सिस्टरनी तिथेच हात थांबवला. पुन्हा दाबून बघितलं नाही, ‘होतं असं कधी कधी’ म्हणाल्या नाहीत. “मावशी, आधी छातीचा एक्स-रे काढून या, मग बघू,” एवढंच म्हणाल्या. त्यांनी हात थांबवला म्हणून पुढचं सगळं झालं.

एक्स-रेमध्ये डबी पांढऱ्या गुंडीसारखी दिसत होती. तिच्यातून निघालेली नळी दोन बोटं जाऊन संपली होती. आणि खाली, हृदयाच्या सावलीवर, एक बारीक पांढरी रेघ तिरपी पडली होती. जणू कोणी काचेवर नखाने ओढली असावी. डॉक्टरांनी पेनाचं टोक त्या रेघेवर ठेवलं. “नळी तुटली आहे. पुढचा तुकडा वाहत जाऊन हृदयात बसलाय.”

आईचं माहेर धुळे तालुक्यातलं. घाबरली की ती अहिराणीतच बोलते. तिने विचारलं, “मन्हा काळीजमा नळी शे का?” माझ्या काळजात नळी आहे का? डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हो, पण उजव्या बाजूला आहे.”

हे वाक्य तेव्हा मला दिलासा वाटलं नाही. नंतर कळलं, तो दिलासाच होता. शरीरातून परतणारं रक्त हृदयाच्या उजव्या भागात येतं आणि तिथून फुप्फुसात जातं. शिरेत तुटलेली वस्तू या वाटेने जाते : मोठी शीर, उजवा कप्पा, मग फुप्फुसाची धमनी. तिथे वाट अरुंद होत जाते आणि वस्तू अडकते. ती सहसा मेंदूकडे जात नाही. पण तिथे राहूनही ती गप्प बसेल असं नाही. तिच्यावर गुठळी जमू शकते, जंतू घर करू शकतात, हृदयाच्या आतल्या भिंतीला ती टोचत राहिली तर ठोका चुकू लागतो. आईला महिनाभर मधूनमधून धडधड होत होती. आम्ही ती उन्हाळ्याच्या खात्यावर टाकली होती, कारण जळगावात मे-जूनमध्ये कोणाला धडधडत नाही?

माझा प्रश्न वेगळा होता : नळी तुटलीच कशी? मी एमआयडीसीत पाइप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. नळ्या तोडणं हेच माझं काम. दाब देऊन, वाकवून, उकळून बघायचं की पाइप कुठे हार मानतो. आमच्याकडे केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या मैलोन्‌मैल अंथरलेल्या असतात. शेतकऱ्याला विचारा, नळी मध्येच कधी तुटते? जिथे ती रोज एकाच ठिकाणी मुडपते तिथे. एकदा जोरात वाकवल्याने काही होत नाही. हजारदा थोडं थोडं वाकवल्याने होतं.

पोर्टच्या नळीचंही तेच असतं. गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून नळी गेली असेल, तर हात वर केला की दोन्ही हाडं तिला चिमटा काढतात. वेणी घालताना, कपडे वाळत टाकताना, फळीवरचा डबा काढताना. वैद्यकात याला ‘पिंच-ऑफ’ असंच नाव आहे. १९८०च्या दशकापासून हे माहीत आहे. म्हणून आता बरेच डॉक्टर सोनोग्राफीत बघत मानेच्या शिरेतून नळी टाकतात, त्या वाटेत हा चिमटा येत नाही. आईची नळी हाडाखालच्या वाटेने गेलेली होती. तीही मान्य असलेलीच पद्धत आहे आणि बहुतेकांची नळी तुटत नाही. आईची तुटली.

त्या रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. वाचताना लक्षात आलं की माणसाच्या रक्तात हरवलेल्या वस्तूंचा एक वेगळाच इतिहास आहे. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. १९५६ साली त्याला नोबेल मिळालं. तोवर शिरांमध्ये नळ्या टाकणं सुरू झालं होतं, आणि नळ्या टाकणं सुरू झालं म्हणजे नळ्या तुटणंही आलं. हाताच्या शिरेतून निसटून हृदयात गेलेल्या प्लास्टिकच्या नळीबद्दलचा एक लेख १९५४ सालचा आहे. तेव्हा अशी वस्तू काढायची तर छाती उघडायची, नाहीतर तशीच ठेवायची.

१९६४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी स्टीलच्या तारेचा तुटलेला तुकडा छाती न उघडता हृदयातून काढला. त्यासाठी त्यांनी श्वासनलिकेत वापरायचा चिमटा शिरेतून आत नेला. त्याच वर्षी जानेवारीत पोर्टलँडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी एका ८२ वर्षांच्या बाईच्या पायाची बंद होत आलेली धमनी चिरफाड न करता आतून रुंद केली. आज जिल्ह्याच्या गावात होणाऱ्या अँजिओप्लास्टीची सुरुवात तिथून झाली. हे डॉटर गिटारच्या तारांपासून आणि फोक्सवॅगनच्या स्पीडोमीटर केबलपासून आपली हत्यारं बनवून बघायचे. १९७१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांतून असे तुकडे आतल्या आत काढल्याची २९ प्रकरणं एकत्र करून छापली. म्हणजे आईला जे झालं त्याला अर्ध्या शतकाहून जास्त जुना उपाय होता. आणि त्यासाठी मुंबई गाठायची गरज नव्हती. अँजिओप्लास्टी जिथे होते ती कॅथलॅब चालते, आणि ती जळगावातही आहे.

हे सगळं मी सकाळी आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “इतला दिन ऱ्हायनी ना, आते ऱ्हाऊ दे.” इतके दिवस राहिली ना, आता राहू दे.

बाहेरच्या माणसाला हे अडाणीपण वाटेल. तसं ते नव्हतं. दोन वर्षांत तिच्या शरीरावर जे जे झालं ते सगळं ‘तुमच्या भल्यासाठी’ झालं होतं. प्रत्येक वेळी सही आम्ही केली, टेबलावर झोपली ती. आता कुठे डोक्यावरचे केस खांद्यापर्यंत आले होते. शिवाय १७ जुलैला आषाढी होती. पिंप्राळ्यात आषाढीला विठ्ठलाचा रथ निघतो. ज्यांना पंढरपूर जमत नाही ते इथे येतात. केमोच्या काळात गर्दीत जायला मनाई होती म्हणून तिचे रथ चुकले होते. या वर्षी तिला ओट्यावर बसून रथ बघायचा होता. “रथ होऊन जाऊ दे, मग बघू.”

कार्डिओलॉजिस्ट म्हणाले, थांबू नका. भाऊ तिच्यावर ओरडला, मग ओट्यावर जाऊन रडला. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून सोन्याची पोत काढून रुमालात बांधली. जळगावात राहणाऱ्याला या रुमालाचा अर्थ सांगावा लागत नाही. मोडायची नाही, गहाण ठेवायची, एवढंच ते म्हणाले.

मला वाटलं, आपण तिला भीती घालतोय, समजावत नाही. म्हणून मी तिला तिला माहीत असलेल्या गोष्टीवरून सांगायला घेतलं. म्हटलं, आई, तुला तांबी बसवली होती ना? ती कशी काढली? ती म्हणाली, तांबीला दोरा असतो, दोरा ओढला की निघते. मी म्हटलं, या नळीला दोरा राहिलेला नाही, म्हणून बाहेरून दोरा न्यायचा. मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून. तिने विचारलं, “आणि तो दोरा तिला कसा धरणार?”

मी म्हटलं, आजोबांच्या विहिरीत बादली पडायची तेव्हा?

“गळ टाकायचे,” ती म्हणाली. आणि मग तीच मला सांगत बसली. गळ टाकणारा माणूस कसा घाई करत नाही. पाणी ढवळलं की बादली दिसेनाशी होते. गळ तळाला टेकू द्यायचा, मग हलकेच फिरवायचा, कडीला लागल्याचं हाताला कळतं, डोळ्याला नाही. आणि एकदा लागला की मध्येच ढील द्यायची नाही. बोलून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. “या डॉक्टरच्या हाताला कळतं का तसं?” तिने विचारलं. मी म्हटलं, त्यालाच विचारू.

तिने खरंच विचारलं. आणि त्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटतं, कारण ते हसले नाहीत. म्हणाले, “मावशी, हाताला थोडं कळतं, पण मला एक्स-रेचा पडदा आहे. विहिरीचं पाणी माझ्यासाठी पारदर्शक आहे.” मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. एक बारीक तार, तिच्या टोकाला फास. हा फास निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो, त्याचं नाव निटिनॉल. त्याची खुबी अशी की बारीक नळीतून जाताना तो दबून सरळ होतो आणि बाहेर पडताच आपोआप पुन्हा गोल उघडतो. आणि तो तारेला काटकोनात उघडतो, हंसाच्या वळलेल्या मानेसारखा, म्हणून ‘गूजनेक स्नेअर’. फास नळीच्या मोकळ्या टोकावरून सरकवायचा, मग बाहेरची नळी पुढे ढकलून फास आवळायचा आणि सगळं एकत्र मांडीतून बाहेर ओढायचं. भूल फक्त मांडीपुरती. आई जागी राहणार.

“आणि टोक सापडलं नाही तर?” हे मी विचारलं. कधी कधी दोन्ही टोकं भिंतीला टेकलेली असतात, फास अडकवायला जागाच नसते. तेव्हा आधी पिगटेल नावाची, टोकाला गोल वळलेली नळी नेतात, तुकड्याच्या मध्यावर वेढा घालतात आणि हृदयातून खाली मोठ्या शिरेत ओढून आणतात. तिथे टोक मोकळं झालं की फास.

आई म्हणाली, “बरं. करा.” सही तिने स्वतः केली.

एक अडचण मात्र होती. योग्य मापाचा फास त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हता. अशी वस्तू रोज लागत नाही, म्हणून ठेवत नाहीत. तो मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल म्हणून आला. पहाटे पाच वाजता भाऊ स्टॉपवर उभा होता. एका चपट्या खोक्यात आईच्या काळजातला दोरा होता आणि त्याच्या शेजारी कोणाच्या तरी साड्यांचे गठ्ठे.

प्रत्यक्ष काम तासाभरात झालं. आम्ही बाहेर होतो. नंतर डॉक्टरांनी रेकॉर्डिंग दाखवलं. करड्या पडद्यावर हृदय दिसत नाही, फक्त एक सावली धडधडताना दिसते आणि तिच्यात ती रेघ प्रत्येक ठोक्याला हलते. खालून फासाची तार आली. एकदा चुकली. दुसऱ्यांदा फास रेघेच्या शेजारून गेला, आणि मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे झाले, कारण तारेचा स्पर्श हृदयाला आवडत नाही. डॉक्टर थांबले. ठोके पुन्हा सरळ होईपर्यंत काहीच केलं नाही. तिसऱ्यांदा फास टोकावरून सरकला, आवळला, रेघ मध्येच दुमडली आणि खाली, खाली, खाली येत पडद्याबाहेर गेली.

आईने विचारलेला पहिला प्रश्न, “निंघनी का?” आणि दुसरा, “दखाडा माले.” मला दाखवा.

ट्रेमध्ये नऊ सेंटीमीटरची पांढरट नळी होती. आईने ती बराच वेळ बघितली. मीही बघितली, माझ्या कामाच्या नजरेने. तुटलेलं टोक कापल्यासारखं स्वच्छ नव्हतं आणि ओढून तुटल्यासारखं लांबलेलंही नव्हतं. ते चपटं झालेलं होतं, कडेला बारीक भेगा होत्या. थकून तुटलेली नळी. लॅबमध्ये मी असं टोक बघितलं की रजिस्टरमध्ये किती आवर्तनांनंतर तुटली तो आकडा लिहिते. इथे तो आकडा म्हणजे आईने दोन वर्षांत जितक्यांदा हात वर केला तितका.

डबी आणि उरलेली दोन बोटं नळी नंतर छोट्या छेदातून काढली. रथाच्या दिवशी आई ओट्यावर होती. मांडीला अजून पट्टी होती, म्हणून उभी राहिली नाही, बसूनच हात जोडले.

हे सगळं झाल्यापासून मी एका गोष्टीचा विचार करतेय. आत बसवायचं काम कोणाचं ते ठरलेलं होतं. धुवायचं काम कोणाचं तेही आम्ही शोधून काढलं. काढायचं काम मात्र कोणाच्याच यादीत नव्हतं. बसवलं एका शहरात, धुतलं दुसऱ्या शहरात, आणि मधल्या सव्वाचारशे किलोमीटरमध्ये तो प्रश्न पडून राहिला. हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत छत्रीसारखी जाळी बसवतात. अमेरिकेच्या एफडीएकडे २००५पासून पाच वर्षांत अशा जाळ्यांबद्दल ९२१ तक्रारी आल्या, त्यातल्या ३२८ जाळी जागेवरून सरकल्याच्या होत्या. २०१०मध्ये एफडीएने डॉक्टरांना कळवलं की धोका टळला असेल तर काढता येण्यासारखी जाळी काढण्याचा विचार करा. इतक्या श्रीमंत देशातही हे पत्र लिहावं लागलं. वस्तू बसवताना सगळ्यांचं लक्ष असतं. तिचं काम संपतं तेव्हा पेशंट घरी गेलेला असतो.

सरकल्यावर ती काढता येते, हे खरंच मोठं आहे. आजीच्या काळात याला छाती उघडावी लागली असती. पण फास हा गळ आहे, आणि गळ बादली पडल्यानंतर लागतो. आधी लागते ती मराठीत लिहिलेली एक साधी ओळ : आत काय आहे, कोणत्या तारखेला बसवलं, कधीपर्यंत काढायचं, आणि कोणाला फोन करायचा. पोर्टच्या खोक्यात पेशंटसाठी असं कार्ड येतं. आमच्या फाईलमध्ये ते नव्हतं. तुमच्या घरात कोणाला पोर्ट असेल, पेसमेकर असेल, जाळी असेल, तर आज फाईल उघडून बघा. कार्ड नसेल तर पुढच्या तपासणीला मागा आणि फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. ‘इन सिटू’ वाचलंत तर विचारा : कधीपर्यंत?

आई आता हे सगळ्यांना विचारते. गल्लीतल्या एका काकूंचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. आपल्याकडे उन्हामुळे मुतखडा घरोघरी. आई भेटायला गेली आणि चहा यायच्या आत तिने विचारलं, “आत काही ठेवलंय का?” निघालं, मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी नळी ठेवलेली होती, डीजे स्टेंट. काही आठवड्यांत काढायची असते. आठ महिने झाले होते. दुखत नव्हतं म्हणून राहिली होती. काकू दुसऱ्या दिवशी जाऊन आल्या.

त्यानंतर आईने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर रकाने आखले : नाव, काय बसवलं, कधी, कधी काढायचं. काकूंच्या ओळीवर तिने काट मारली आहे. खाली सध्या आणखी तीन नावं आहेत, आणि एका नावापुढे चौथा रकाना अजून रिकामा आहे. तो भरायला ती सोमवारी त्या बाईंना घेऊन दवाखान्यात जाणार आहे.